माडीवर टांगलेली बाग

पाणी येतंय, पाणी येतंय, असं रेडिओवर इतके दिवस ऐकत होतो की ते खरंच आलं तेव्हा आम्ही निवांत जेवत होतो. माझा भाऊ बुनलेर्त मासळीचा काटा काढत होता. त्याने पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "तिव, माठ फुटला का गं?"

माठ फुटला नव्हता. कालव्यावरचा वाळूच्या पोत्यांचा बांध फुटला होता.

दोन हजार अकराचा तो पूर. बांग याय या आमच्या गावात कालव्याच्या काठी भावाचं दुमजली घर, आणि मागे त्याची आणि लमायवहिनीची ऑर्किडची बाग. माझा नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहायचे. खालच्या मजल्यावर माझं नूडल्सचं दुकान होतं. बागेत काळ्या जाळीखाली तारांवर रांगाच्या रांगा वांदा, म्हणजे ऑर्किडचीच एक जात, टांगलेल्या. वांदाला माती लागत नाही. लाकडाची चौकोनी टोपली असते ती नुसती बसायला. मुळं सगळी उघडी, वेताएवढी जाड, हातभर लांब, हवेत लोंबत असतात. सुरुवातीला मला वाटायचं, ही झाडं आत्ताच कुणीतरी उपटून टांगली आहेत.

पाणी घोट्याला होतं तेव्हा बुनलेर्तने फ्रिजला हात घातला. "लमाय, एक बाजू धर!"

वहिनी कधीच मागच्या दाराने बाहेर पडली होती. ती परतली तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर बांबू होता, बांबूला सात-आठ वांदा. तिने त्यातल्या दोन काढून सरळ नवऱ्याच्या गळ्यात अडकवल्या.

"फ्रिज बाजारात मिळतो. ह्यांना वर ने. मुळं भिंतीला घासू नकोस."

"अगं, फ्रिजमध्ये आठवड्याचं मटण आहे!"

"मग पाण्यात शिजव."

बागेतली सगळी झाडं वाचवणं शक्यच नव्हतं. वहिनीने फक्त आईझाडं उचलली, ज्यांच्यापासून पुढची रोपं करता येतात. पाणी कमरेला आलं तरी तिच्या खेपा चालूच. शेवटच्या खेपेला तिच्या हातात एकच झाड होतं. ते तिने डोक्यावर धरलं होतं, मुळं तिच्या तोंडावर दाढीसारखी आलेली. ते तिचं लाडकं निळं. बारा-एक वर्षं खपून, हे परागकण त्याला लाव, ते ह्याला लाव, असं करून तिने ते तयार केलं होतं. नाव ठेवलं होतं 'सासूबाई'. कारण कितीही सेवा करा, रुसलेलीच. फुललीच तर दोन-तीन फुलं, तीही मान वळवून. सासूबाई म्हणजे अर्थातच माझी आई. पण नाव चुकलं होतं असं मी म्हणणार नाही.

माडीवर आमच्या दोन खोल्या आणि मधला जिना. तिथे आम्ही तिघं, तांदळाचं पोतं, बुद्धाची मूर्ती, माझी नूडल्सची पातेली, आणि छपराच्या वाशांना, मच्छरदाणीच्या दांड्यांना, बंद पडलेल्या पंख्याच्या पात्यांना टांगलेल्या पन्नासेक वांदा. झोपायला आडवं झालं की नाकाला मुळं लागायची.

शेजारच्या घराच्या माडीवर चुएनआजी एकटीच होती. तिच्या आणि आमच्या खिडकीत जेमतेम दोन हातांचं अंतर. ती पान चघळत ओरडली, "ए लमाय, घरात जंगल केलंस का? साप येतील हं!"

"येऊ देत आजी, भाडं लावीन त्यांना."

तिसऱ्या घरचा सावात फोमच्या पेट्या बांधून केलेल्या होडीतून आला. तोही ऑर्किडवाला. निळ्या रंगावरून त्याची आणि वहिनीची वर्षानुवर्षं चढाओढ. जत्रेतल्या फुलांच्या स्पर्धेत एकदा हा पुढे, एकदा ती. त्याची बाग आमच्याआधी बुडाली होती. बायकोला घेऊन तो रात्चाबुरीला मुलाकडे निघाला होता. आमच्या जिन्यापाशी होडी लावून त्याने वर मान केली.

"लमाय, सोड आता. सरकारची गाडी मोठ्या रस्त्यावर उभी आहे. चला सगळे."

"मी गेले तर ह्यांना पाणी कोण देईल?"

"खाली बघ जरा! पाणीच पाणी आहे."

"हे पाणी? गटार आहे हे. ह्याने मुळं चार दिवसांत काळी पडतील."

"मग मरू देत! माझी मेली, तुझी मेली, संपलं." मग त्याने वल्हं मारलं आणि मागे न बघता गेला.

बुनलेर्तचंही मन निघायचंच होतं. पण बायको निघत नाही म्हटल्यावर तोही राहिला. मी राहिले, कारण माझी पातेली तिथे होती. खरं सांगायचं तर, वहिनीला एकटीला त्या माणसाच्या स्वयंपाकावर सोडून जाणं मला बरं वाटलं नाही.

पावसाच्या पाण्याचे दोन पिंप आम्ही आधीच वर चढवून ठेवले होते. बागेतल्या सवयीप्रमाणे बुनलेर्तने सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायला सुरुवात केली. बिचारा मनापासून करायचा. एकेक झाड घमेल्यावर धरायचा, मुळांवर तांब्याने पाणी सोडायचा. कोरडी असताना मुळं चांदीसारखी पांढुरकी असतात. पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवी होत जातात. ते बघायला मलाही आवडायचं. खाली सगळं कुजत असताना वर एवढं एकच काहीतरी हिरवं होत होतं.

आठवडाभराने वास यायला लागला. आधी आम्हाला वाटलं, खालचाच. मग चार झाडांची पानं पिवळी होऊन गळली. वहिनीने एका झाडाचं मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. ती दुसऱ्या झाडाकडे गेली. तिसऱ्याकडे. प्रत्येकाची दोन-तीन मुळं तपकिरी, बुळबुळीत. सासूबाईंची तर निम्मी.

ती मटकन जमिनीवर बसली. पाणी घरात शिरलं तेव्हा रडली नव्हती, बाग गेली तेव्हा रडली नव्हती. आता रडली. बुनलेर्त तांब्या हातात घेऊन तसाच उभा.

"मी रोज देतोय गं पाणी. एकदाही चुकलो नाही."

"तेच तर!" तिने डोळे पुसले. "बागेत ऊन होतं, वारा होता. सकाळी दिलेलं दुपारपर्यंत वाळून जायचं. इथे ना ऊन, ना वारा, पंखाही बंद. ही मुळं हिरवी झाली की हिरवीच राहतात. दिवसभर ओली, रात्रभर ओली. खाली पुराने बुडवली रे म्हाताऱ्या, आणि वर आपण बुडवतोय."

"मग करायचं काय?"

"आता पाणी बंद."

त्या दिवसापासून माडीवर वहिनीचं राज्य सुरू झालं. तिने माझ्या स्वयंपाकाच्या स्टोव्हवर चाकूचं पातं लाल करायचं, कुजलेलं मूळ कापायचं, पुन्हा पातं लाल करायचं, मग पुढचं झाड. एकाचा रोग दुसऱ्याला जायला नको म्हणून. कापलेल्या जागी लावायला औषध नव्हतं. ते खाली शेडमध्ये बुडालं होतं. तिने खिडकीतून हाक मारली, "आजी, तुमचा चुना द्या!"

"काय? पान खायला लागलीस?"

"मुळांना लावायचाय."

चुएनआजीने पानाच्या, हळद घालून लाल केलेल्या चुन्याची डबी छातीशी धरली. "सगळा नाही हं देणार. पूर किती दिवस चालेल कोण जाणे. पान सुटलं तर मी मरेन."

"निम्मा द्या."

आजीने काठीच्या टोकाला डबी बांधून खिडकीतून पुढे केली. वर म्हणाली, "जगलं तर पहिलं फूल माझ्या केसांत."

मग पानं. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की झाडाचा मधला कोंब कुजतो. वहिनीने माझं जुनं लुगडं फाडून त्याच्या चिंध्या केल्या, आणि मी एकेका बेचक्यात चिंधीचं टोक घालून पाणी टिपत बसले. लुगडं माझं होतं हे तिने मला काम संपल्यावर सांगितलं.

सर्वांत अवघड होतं ते पाणी न देणं. मुळं दुसऱ्या दिवशी चांदीसारखी झाली, तरी ती म्हणे थांबा. पानांवर सुरकुत्या दिसू लागल्या, तरी थांबा. कापलेलं वाळू देत. बुनलेर्तला ते सहन होईना. एका दुपारी वहिनी डोळे मिटून पडली होती, तेव्हा हा हळूच फवारा घेऊन सासूबाईंपाशी गेला. एकदाच फुस्स झालं.

"म्हातारबा," वहिनी डोळे न उघडता म्हणाली, "तो फवारा खाली ठेव, नाहीतर तुला त्याच्यासकट खिडकीबाहेर टाकीन."

"अगं, तहानलेली दिसतेय."

"तहानलेलं झाड मी जगवीन. कुजलेलं कोण जगवणार?"

तो बराच वेळ छपराकडे बघत बसला. मला वाटलं, रुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर ठाकठूक ऐकू आली. मी आणि वहिनी धावत खिडकीपाशी गेलो, तर हा माणूस पत्र्यावर बसून पान्याने नट सैल करतोय.

"अरे, घर मोडतोस का काय?" वहिनी ओरडली.

"ऊन पाहिजे म्हणालीस ना? वारा पाहिजे म्हणालीस ना?"

दोन पत्रे त्याने काढले, सरकवून बाजूला बांधले, आणि त्या जागी बागेच्या जाळीचा वाचलेला तुकडा ताणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक लावलं. जिन्याच्या तोंडाशी असलेली खिडकी चौकटीसकट उपसली. खोलीत कवडसे सांडले. जिन्यातून वारा वर यायला लागला, आणि टांगलेली मुळं हळूहळू हलू लागली. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं बघताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"आता पाऊस आला तर?" मी विचारलं.

"तर तू भिजशील," दोघंही एकदम म्हणाले.

त्यानंतर पाणी पुन्हा सुरू झालं, पण वहिनीच्या पद्धतीने. फक्त सकाळी. मुळं पूर्ण पांढुरकी झाली असतील तरच. मूळ हिरवं होईपर्यंत ओतायचं, झालं की बस. ज्याची मुळं दुपारी अजून हिरवी, त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी. निरोगी झाडं आधी, आजारी शेवटी, आणि कुणाला कुणाच्या घमेल्यात बुडवायचं नाही.

पाऊस मात्र थांबला होता आणि पिंप तळाला गेले. सरकारी होडी पिण्याच्या बाटल्या द्यायची, त्या आम्हालाच पुरत नव्हत्या. उंचावरच्या देवळात पावसाच्या पाण्याची मोठी टाकी होती. बुनलेर्त रोज पहाटे केळीच्या खोडांचा तराफा वल्हवत तिकडे जायचा आणि दोन डबे भरून आणायचा. वाटेत लोक विचारत, "प्यायला का?"

"नाही, बायकोच्या सासूबाईंच्या आंघोळीला."

"म्हणजे तुझी आई? अरे, ती वारली ना?"

"तरी पाणी लागतं तिला."

एके सकाळी वहिनीने मला हाक मारली ती इतक्या हळू की मी घाबरले. सासूबाईंच्या कापलेल्या एका मुळाच्या बुंध्यापाशी हिरवं टोक आलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, ओलं, चकचकीत. त्याच्या शेजारी आणखी एक. आम्ही हात न लावता नुसतं बघत बसलो. ते टोक बोट लागलं तरी मोडतं. मग वहिनीने खिडकीतून ओरडून आजीला सांगितलं. आजीने समोरच्या घरातल्यांना ओरडून सांगितलं. थोड्या वेळाने पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "मुलगा की मुलगी?"

डिसेंबरात पाणी उतरलं. खाली सगळीकडे चिखल, भिंतींवर माणसाच्या उंचीची काळी रेघ. बागेतली झाडं तारांवर तशीच टांगलेली, पण काळी. फ्रिज दुकानाच्या काउंटरवर उताणा पडला होता. आईझाडं वहिनीने वरच ठेवली. चिखलातली बुरशी त्यांना लागायला नको म्हणाली. वर थंडीच्या दिवसांतलं कोवळं ऊन त्या प्लास्टिकमधून येत होतं. आणि एक दिवस सासूबाईंच्या पानामागून फुलाचा दांडा निघाला. एक नव्हे, तीन.

सावात परतला होता. तो आपल्या बागेत उलट्या बादलीवर बसलेला असायचा. जमीन विकून मुलाकडे जायचं म्हणत होता. वहिनी सासूबाईंच्या बुंध्याला आलेलं एक पिल्लू कापून त्याच्याकडे गेली. तीन मुळांचं छोटं रोप. मीही बरोबर होते. चिखलात आमची पावलं फसत होती.

"घे," ती म्हणाली.

त्याने रोप ओळखलं. "हे? हे तू मला देतेस? मी वर्षानुवर्षं तुझ्याकडे मागतोय."

"मागत नव्हतास. दीड वर्षापूर्वी चोरायला माणूस पाठवला होतास."

"तो माझा मेव्हणा होता. त्याला सांगितलं नव्हतं, तो आपणहून गेला."

"बरं. आता बांबूला बांध. सकाळी पाणी दे, मुळं हिरवी होईतो. संध्याकाळपर्यंत वाळली नाहीत तर उद्या देऊ नकोस."

"मला शिकवतेस, लमाय?"

"हो."

सावात हसला. हसता हसता रडू लागला, आणि त्याने ते रोप दोन्ही तळव्यांत असं धरलं की मला तिथे थांबवेना. त्या महिन्यात कालव्यावरच्या प्रत्येक ऑर्किडवाल्याकडे आमच्या माडीवरची पिल्लं गेली.

फेब्रुवारीत प्रांताच्या देवळाच्या पटांगणात पुष्पप्रदर्शन. आम्ही सावातच्या भाच्याचा पिकअप घेतला, मागे आडवा बांबू बांधून सासूबाईंना टांगलं, भोवती मच्छरदाणी लावली आणि मी आत बसले. तीन दांड्यांवर हाताच्या पंजाएवढी फुलं, निळी, आणि त्या निळ्यावर गडद रेघांची जाळी. कुठलंही फूल मान वळवून नव्हतं. सगळी तोंड समोर करून.

नोंदणीच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, "कुठून आलात?"

"बांग याय."

तो थबकला. "बांग यायमध्ये काही उरलं नाही म्हणे. आम्ही तुमच्यासाठी जागाच ठेवली नाही."

"आम्ही उरलो ना," वहिनी म्हणाली. "जागा कर."

त्याने कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाजवळ, एक खिळा दिला. तिथे आम्ही तिला टांगलं. आजूबाजूला मांडव सजवलेले, रेशमी कापडं, रंगीत दिवे. आमच्याकडे एक खिळा. पण दुपारपर्यंत माणसं तिथेच यायला लागली. एकाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने बायकोला. पिंपावर पाणी प्यायला कुणाला जागा उरली नाही.

परीक्षक म्हणून चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी फुलं पाहिली, पानं उचलून पाहिली, मग खाली वाकून मुळं पाहिली. लांब चंदेरी मुळं, टोकं हिरवी, आणि मध्ये मध्ये चुन्याचे लाल डाग लागलेली तोडलेली थोटकं.

"ही कापलीत?"

"पुरात घरात ठेवली होती. पाणी जास्त झालं. कुजली तेवढी कापली."

"घरात कुठे?"

"आम्ही झोपतो तिथे."

बाईंनी पुन्हा एकदा मुळांकडे पाहिलं आणि त्या पुढच्या झाडाकडे वळल्या. बुनलेर्त माझ्या कानात पुटपुटला, "झालं. झोपतो म्हणायची काय गरज होती?"

चुएनआजी खुर्चीवर बसून होती. ठरल्याप्रमाणे एक फूल तिच्या पांढऱ्या अंबाड्यात होतं. कालव्यावरची सगळी मंडळी दोन ट्रक भरून आली होती. कुणाकडे दाखवायला फूल नव्हतं. तरी सगळे कपडे धुऊन, केस विंचरून आले होते.

ध्वनिक्षेपक खरखरला. निळ्या वांदात पहिलं बक्षीस: लमाय, बांग याय. आमचे लोक ओरडले. मग लाल, पिवळ्या, जांभळ्या अशा सगळ्यांची बक्षिसं झाली, आणि शेवटी निवेदकाने घसा साफ केला. सगळ्या प्रदर्शनातलं सर्वोत्तम झाड. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, थांबला आणि म्हणाला, "इथे लिहिलंय... सासूबाई?"

अख्खा मांडव हसला. आणि त्या हसण्यावर आमच्या लोकांची आरोळी चढली. सावात खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "बांग याय! बांग याय!" जणू ते झाड त्यानेच जन्माला घातलं होतं. ज्यांनी आमच्यासाठी जागा ठेवली नव्हती तेही टाळ्या वाजवत होते. वहिनी मंचावर गेली. मोठी चांदीची वाटी होती, ती तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली. मग ती माईकसमोर उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, बोला. ती म्हणाली, "छप्पर माझ्या नवऱ्याने काढलं." एवढंच. खाली बुनलेर्तने तोंड झाकून घेतलं.

परत येताना ट्रकमागे ट्रक, हॉर्न वाजवत, बांग यायच्या रस्त्याने. बातमी आमच्या आधी पोचली होती. सावातच्या बायकोने रस्त्यावरच मासळीच्या रश्शाचं पातेलं मांडलं होतं आणि देवळाची पोरं लांब ढोल घेऊन उभी होती. दारादारांतून माणसं बाहेर आली. भिंतींवर ती काळी रेघ अजून होती, पण ढोल सुरू झाला तसे सगळे रस्त्यावर गोल धरून नाचायला लागले. वहिनी खाली उतरलीच नाही. ती पिकअपच्या टपावर चढली, रेशमी लुगडं एका हाताने वर धरलं आणि तिथेच नाचायला लागली.

"म्हातारे, पडशील!" माझा भाऊ खालून ओरडला.

ती पडली नाही.